रात्रपाळी सुटल्यावर

पहाटे साडेपाचला माग बंद होतो,
कानात मात्र धोटा चालूच,
खटक् खटक्, वडगाव मागे पडून
येळ्ळूरचा रस्ता लागेपर्यंत.
सायकलच्या हँडलला दुर्बीण.
डावं भिंग तडकलेलं, त्यामुळे
प्रत्येक पाखराशेजारी मला त्याचा
एक पुसट जुळा भाऊ दिसतो.
मोजून झालं की दोनानं भागायचं.

बळ्ळारी नाल्याच्या वळणावर
भाताच्या रानांत अजून ओल आहे.
मसूर निघालाय. कुणीतरी बांध पेटवलाय,
जलपर्णीवर पसरलंय ते धुकं नव्हे, धूर.
इथे काल चाळीस धोबी होते.
आज एकतीस.

पिवळ्या धोब्याच्या छातीवर
या पंधरवड्यात रंग चढला.
हळद लागली की उंबरा ओलांडू नये म्हणतात.
याला कोण सांगणार?
हा हळद लावूनच
हिमालय ओलांडायला निघालेला.

ताण्यातला एक धागा तुटला
तर आमचा माग जागच्या जागी थांबतो,
शेडमधले सगळे मान वर करून बघतात.
रानातून नऊ पाखरं गेली
आणि काहीच थांबलं नाही.
पंप चालू, टमटम चालू,
माझाच हात उगीच
बटण शोधत हँडलवर फिरला.

खोपीतून अडिवेप्पा विचारतो,
एन नोडाकत्तीरी?
रोज हेच विचारतो, काय बघताय.
रोज मी म्हणतो, हक्की.
हा शब्द त्यानंच दिला मला
आणि पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकलो होतो.
आमच्या गल्लीत हक्क म्हणजे
भिंतीवर रंगवायची गोष्ट,
मोर्चात बापाच्या खांद्यावर बसून
अर्थ न कळता ओरडायची.
त्याच्या तोंडी त्याला एक वेलांटी लागली
आणि ते उडून विजेच्या तारेवर बसलं,
शेपूट हलवत.

आज तो खुरपं टाकून जवळ आला.
नाल्याकाठच्या लव्हाळ्यात बोट दाखवलं, अल्ली.
निळ्या गळ्याचा शंकर,
चिखलातून दोन पावलं, मग थांबा,
मग शेपटीचा तांबूस झटका.
मी त्याच्या हातात दुर्बीण दिली.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, एरड.
दोन.
मी हसलो, म्हटलं ओंदे, एकच.
भिंगाला तडा आहे, सगळ्यांनाच दोन दिसतात.
तो म्हणाला, एरड री,
आणि दुर्बीण डोळ्यांवरून काढून
नुसत्या डोळ्यांनी पुन्हा बोट दाखवलं.

होते. दोनच होते.
दुसरा जरा मागे, सावलीत,
गळा अजून पुरता न रंगलेला.

म्हणजे किती दिवस मी
खऱ्यालाही भागत आलो कोण जाणे.
मालकाच्या जुन्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर
तीन वर्षांच्या नोंदी आहेत.
कुठून दुरुस्त करायच्या?
मी एवढंच लिहिलं:
शंकर, दोन. भागलेले नाहीत.

निघताना अडिवेप्पा म्हणाला, होग बर्री.
जाऊन या.
मी म्हटलं, येतो.
दोघांपैकी कुणाच्याच घरी
नुसतं जातो म्हणायची रीत नाही.

आता खिडकीला गोणपाट लावून
दुपारपर्यंत झोपायचं.
शंकर रात्री उडतात असं वाचलंय,
चांदण्यांच्या खुणेनं, गुपचूप.
तेव्हा मी पत्र्याखाली असेन,
शेडमध्ये सोळा मागांचा खडखडाट,
वरून काही गेलं तरी ऐकू येणार नाही.
समोर दोन हजार चारशे धागे,
एकही तुटू द्यायचा नाही.